चांगला टायर मागच्या चाकाला

सोमवार, ७ ऑक्टोबर

आरोग्यसेविका म्हणली, भीती वाटली की लिहीत जा. कुणी वाचणार नाही, चुका बघू नकोस. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. त्यानंतर लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या. तर लिहिते.

भीती वाटते.

शुक्रवारी शेवटची बस गेली. आता आमच्या फाट्यावर बस थांबणार नाही, या रस्त्याला माणसं कमी म्हणून बंद केली. मी आणि माझी पोर एफी, आम्ही दोघी माणसं होतो की. स्ट्रुअन, एफीचा बाप, सात आठवडे वर उत्तरेला, मासेपालनाच्या बोटीवर. एक आठवडा घरी. गाडी त्याच्याकडे. मला गाडी येत नाही, दोनदा परीक्षेत रडले.

मग आज स्ट्रुअनची जुनी डोंगरसायकल काढली. मागे एफीची खुर्ची बसवली. दोन मैल जंगलातली वाट, पूल, मग तीन मैल डांबर. पाळणाघर आठला उघडतं, माझं काम साडेआठला, म्हाताऱ्यांच्या आश्रमात धुणीघरात. सव्वासातला निघाले. पट्टे चार वेळा तपासले. फाट्यावर थांबून पाचव्यांदा.

नऊला दहा कमी असताना पोचले. विल्मा आमची सुपरवायझर. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

परत उशीर. जंगलात सायकल चांगली चालते, टायरला जाड जाड दात आहेत, चिखलात रुततात आणि पकडतात. पण डांबरावर आलं की भुंगा शिरल्यासारखा आवाज. घूंऽऽ. आणि पुढे जातच नाही, कुणीतरी मागून कोट धरल्यासारखी. एफी मागे बसून तसाच आवाज काढते. तिला मजा वाटते.

विल्मा म्हणली, "मॉर्वेन, तुझे पाय का कापतायत?"

"सायकल."

"मला वाटलं आजारी आहेस. आजारी असतीस तर मला काही बोलता आलं नसतं. आता बोलते. आठवड्यात दोनदा झालं."

अजून एक. जंगलात लाकडाचे ट्रक असतात. आज एक वळणावर बाजूला घेऊन उभा होता, इंजिन चालू. ड्रायव्हरनं तोंडाशी काहीतरी धरलेलं आणि माझ्याकडे बघून बोलत होता. कुणाला सांगत होता? पोर घेऊन या वाटेनं जाते म्हणून? मी खाली मान घालून गेले.

रविवार, १३ ऑक्टोबर

सेंगा आली होती. स्ट्रुअनची आई. गाला गावात राहते, बेकरीत होती, आता रिटायर. येताना सूप घेऊन आली, माझं सूप कसं असतं ते तिला माहीत आहे.

सायकल बघितली. खुर्ची हलवून बघितली. बसली आणि म्हणली, "एफीला माझ्याकडे ठेव. सोमवार ते शुक्रवार. फक्त वसंतापर्यंत."

मी कप धुवायला लागले. स्वच्छ कप.

"तुझ्याच भल्याचं सांगते, बाई. तुला ताण कमी. तिला ऊब."

"इथं पण ऊब आहे."

"तू घरात टोपी घालून बसलीयस."

मला काही बोलता येत नाही तिच्यासमोर. ती गेल्यावर सगळं आठवतं. माझ्या आईनं मला आजीकडे ठेवलं तेव्हा हेच म्हणली होती, वसंतापर्यंत. आठ वर्षं होते मी तिथं. आई वाईट नव्हती. दर रविवारी यायची, मग महिन्यातून, मग नाताळला. कुणी ठरवून करत नाही. होत जातं.

तर मला वेळेवर पोचायला हवं. बास. वेळेवर पोचले, नोकरी राहिली, पोरगी ठीक राहिली, तर कुणी काही म्हणू शकत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

गावात सायकलच्या दुकानात गेले. आत सगळी पोरं, डोंगरावरून उड्या मारणारी, गुडघ्याला ढाली बांधलेली. त्यांच्या एका चाकाच्या किमतीत माझं घर चालतं. दुकानदार चांगला होता. विचारलं, "कुठे चालवता?"

आता इथं खरं सांगायचं होतं. पण मला वाटलं, जंगल म्हणलं तर विचारेल कसली वाट, मागे खुर्ची दिसतेय, पोर घेऊन जाता का. मग तो कुणाला तरी सांगेल. मी म्हणलं, "रस्त्यावर."

"फक्त रस्ता?"

"फक्त रस्ता."

मग त्यानं गुळगुळीत जोडी दिली. बारीक रेघा, दात एकही नाही. भरपूर हवा भरा म्हणला, लोण्यासारखी पळेल.

स्ट्रुअनला फोनवर सांगितलं. "जंगलाचं काय?" म्हणला.

"जपून जाईन."

"अगं पण जंगलाचं काय?"

मग रेंज गेली. नेहमी तेव्हाच जाते.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

डांबरावर पळते, खरंच. तीन मैल कधी संपले कळलं नाही. पण जंगलात पानं पडलीयत, ओली, खाली मुळं, आणि हे टायर साबणासारखे. पहिल्याच उतारावर मागचं चाक सरकलं. उतरले आणि दोन मैल ढकलत नेली. एफी वरून म्हणते, "आई, बस ना." बस ना बस ना, दोन मैल.

पंधरा मिनिटं उशीर. ढकलून गमावलेलं आणि पळून कमावलेलं सारखंच.

ट्रक परत थांबलेला. दुसरा होता. हाही बोलत होता त्या डब्यात.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज सुचलं. दोन्ही टायर सारखेच का पाहिजेत? एक जुना दात्यांचा, एक नवा गुळगुळीत. थोडं रस्त्याचं, थोडं जंगलाचं.

मागे कुठला, याचा विचारच करावा लागला नाही. मागे एफी बसते. चांगला पकडणारा टायर तिच्याखाली. मी पुढे, माझं काय, मी सांभाळेन.

चमच्यांनी टायर काढला, तीन चमचे वाकले. ट्यूब चिमटली, परत काढली. एफीनं पंपावर बसून मदत केली. दोन्ही चाकांत दगडासारखी हवा भरली. कडक म्हणजे मजबूत.

बसल्यावर लगेच बरं वाटलं. तिच्याखाली दात आहेत हे मला सारखं जाणवत होतं, पाठीला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

मंगळवारपासून चार दिवस वेळेवर. चार. पाऊस नाही, वाट कोरडी. विल्मा म्हणली, "घड्याळ दुरुस्त केलंस वाटतं." दुपारी मी गाणं म्हणत चादरी घडी करत होते, ते तिघींनी ऐकलं.

सेंगा दर शुक्रवारी एफीला पाळणाघरातून घेते आणि आश्रमाच्या दारात मला भेटते. आज तिला सांगितलं, टायरचं सगळं. ती म्हणली, "छान." मग म्हणली, "मी एक छोटा पलंग बघून ठेवलाय. लाकडी. कडेला ससे आहेत."

मी म्हणलं ना तिला, की आता जमतंय. ऐकूच येत नाही तिला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पडलो.

एफी ठीक आहे. ठीक आहे ठीक आहे. उद्या लिहिते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दोन दिवस पाऊस होता. पुलाच्या फळ्या काळ्या झालेल्या, वर बीचच्या झाडाची पानं चिकटलेली. पूल संपता संपता वाट उजवीकडे वळते. मी हँडल फिरवलं आणि पुढचं चाक नव्हतंच. म्हणजे होतं, पण ते भलतीकडे गेलं. मी कोपरावर. सायकल माझ्या अंगावर, आणि खुर्ची, आणि खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली एफी, आडवी.

हेल्मेट मातीला लागलं. गालावर काट्यांनी तीन रेघा. ती रडली, मग थांबली, मग म्हणली, "माझा हातमोजा."

हातमोजा ओढ्यातून वाहत चाललेला. मी गेले आणला. का गेले माहीत नाही, पोराला आडवं सोडून. तिला हवा होता म्हणून.

मागचा टायर घसरला नाही. मी बघितलं, मागचा दाबून धरून होता. मग कसे पडलो?

पाळणाघरात नियम आहे, अंगावर खरचटलेलं दिसलं की वहीत लिहायचं आणि आईची सही. मी सही केली. आज सेंगा एफीला घ्यायला गेली, तर त्यांनी तिला विचारलं, गाल कसाय आता.

आश्रमाच्या दारात सेंगा गाडीतून उतरलीच नाही. काच खाली केली.

"ही माझ्याकडे येतेय."

"शनिवार-रविवार?"

"रविवारी मी कपडे न्यायला येते. तेव्हा बोलू."

एफीनं हात हलवला. मीही हलवला. मी काय करायला हवं होतं? गाडीपुढे उभं राहायचं? सगळे बघत होते, विल्मासुद्धा.

स्ट्रुअन म्हणतो, मी बावीसला येतोय, तोवर आईकडे राहू दे, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

शनिवारची पाळी मागून घेतली. घर फार शांत आहे.

डॉड भेटला. त्याची बायको सहा नंबरच्या खोलीत असते, तो रोज येतो, तिचे कपडे स्वतः धुणीघरात आणून देतो, हातात. आधी लाकडाचा ट्रक चालवायचा, आता सायकली दुरुस्त करतो. मी बाहेर कुलूप काढत होते, तर तो माझ्या सायकलीसमोर उभा, मान वाकडी करून.

"पोरी, हे असं कुणी बसवलं?"

"मी."

"कशावर पडलीस?"

मी पडले हे त्याला कसं कळलं. कोपर बघून असेल. सांगितलं, पूल, पानं, वळण.

"आधी कुठलं चाक गेलं?"

"पुढचं."

"आणि दात्यांचा टायर कुठाय?"

"मागे. मागे एफी बसते."

 तो खाली बसला, गुडघे कडकडले त्याचे, आणि मागचा टायर अंगठ्यानं दाबला.

"हे बघ. मागचं चाक घसरलं तर शेपूट हलतं. घाबरतेस, शिव्या देतेस, पुढे जातेस. पुढचं घसरलं की संपलं, पुढचा-मागचा सगळे खाली. तिला धरायचं असेल तर आधी पुढचं चाक धरायला पाहिजे."

"पण ती मागे असते."

"ती तुझ्यावर बसलीय, टायरवर नाही."

मला पटलं आणि पटलं नाही. डोक्याला पटलं. हात ऐकत नाहीत.

त्यानं तिथंच अंगणात अदलाबदल केली, चमच्याशिवाय. दात्यांचा पुढे. मागे माझा गुळगुळीत नाही बसवला, त्याच्या गाडीतून एक अर्धा झिजलेला आणला, मधे सपाट पट्टी, कडेला थोडे दात. मधल्या पट्टीवर रस्ता, कडेवर जंगल, म्हणला. मग हवा सोडायला लागला. मी त्याचा हात धरला.

"मऊ झाला तर?"

"मऊच पाहिजे. कडक टायर फळीवर नाचतो. मऊ बसतो. एवढा की अंगठा जरासा आत जाईल. आता तू दाब."

मी दाबला. परत दाबला.

मग मी विचारलं ते ट्रकवाल्यांचं, माझ्यावर चिडलेत का म्हणून, कारण तो त्यांच्यातला. तो हसला, खोकेपर्यंत. जंगलात वाट एका ट्रकापुरती, म्हणून ड्रायव्हर नंबरच्या पाट्यांपाशी आले की रेडिओवर एकमेकांना सांगतात, मी इथं आहे. "महिनाभर रोज सकाळी सांगतायत, बाळवाली सायकल तीन नंबरला, सगळे थांबा. आज उशीर झालाय तिला. आज लवकर आली. परवा तू पुलाबाहेर आली नाहीस तर दोघांनी मला फोन केला."

म्हणजे मी किती वाजता उठते ते अख्ख्या जंगलाला माहीत आहे. मला बरं वाटायला हवं होतं बहुतेक. मला लाज वाटली.

पैसे विचारले तर म्हणला, सहा नंबरचा निळा स्वेटर हातानं धूत जा, मशीनमध्ये नको. तो मी आधीपासूनच हातानं धुते.

रविवार, १० नोव्हेंबर

उजाडल्यापासून पुलावर. आधी एकटी, आठ वेळा. मग बटाट्यांचं पोतं बांधलं खुर्चीत, साडेबारा किलोचं, एफी तेरा आहे. एफीचं हेल्मेट घातलं त्याला. खाली उतरायचं, पूल, वळण, परत ढकलत वर.

सेंगा घरी जायच्या वाटेवर अकराला तिथं आली, मी आणि बटाटे अकराव्या फेरीवर. एफी गाडीतून धावत.

"हे काय?" सेंगा.

"बटाटे."

"ते दिसतंय मला. बटाट्यांना हेल्मेट का?"

"नसलं तर सवय होणार नाही."

"कुणाला, बटाट्यांना?"

मी म्हणलं, तुम्ही पुलापाशी एफीला घेऊन उभ्या राहा आणि बघा. असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, हे करा म्हणून. ती गेली आणि उभी राहिली, हातात पर्स.

वर गेले. वरून त्या दोघी छोट्या दिसत होत्या. कोरडं असतं तर बरं, पण सगळं ओलं होतं, पानं कालच्यापेक्षा जास्त. निघाले. उतार. फळ्या. वळले आणि मागचं सुटलं. बटाट्यांसकट शेपूट डावीकडे गेलं, चांगलं हातभर. पुढचं नाही हललं. रुतून बसलं होतं, ते मला हातात कळलं. मी शिवी दिली आणि पुढे गेले.

थांबले तेव्हा सेंगाचा चेहरा पांढरा.

"घसरलीस."

"मागचं घसरलं. पुढच्यानं धरलं."

"मला त्यातलं कळत नाही."

"मलापण कळत नव्हतं. म्हणून पडले. मी उलटं बसवलं होतं." आणि मग थांबले असते तर परत कधी बोलले नसते, म्हणून त्याच श्वासात म्हणलं, "एफी इथंच राहील. तुमच्याकडे नाही."

एफी ओढ्यात दगड टाकत होती. सेंगा तिच्याकडे बघत राहिली.

"आणि बर्फ पडल्यावर? टायर काय करतील तेव्हा?"

"काही नाही करणार. रस्ता गोठला तर मी सायकल काढणारच नाही. तुम्हाला फोन करीन."

"करशील?"

"करीन."

"तीन वर्षांत तू मला एकदाही फोन केला नाहीस, मॉर्वेन. बाळ झालं तेसुद्धा स्ट्रुअननं सांगितलं."

खरंच नव्हता केला. मला वाटायचं, मदत मागितली की मला जमत नाही असं लिहून दिल्यासारखं होईल.

"आता करीन," म्हणलं.

घरी आल्यावर तिनं गाडीतून एफीची पिशवी काढून दारात ठेवली. मग चावी हातात फिरवत म्हणली, "पलंग आला घरी काल. ससेवाला. त्याचं काय करू?"

"शनिवारी झोपेल ना त्यात."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. गेलं ते गेलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एफीला बसवून पहिला दिवस काल. पूल आला तसे हात इतके घट्ट झाले की बोटं दुखली. आज जरा कमी. वाटभर कान मागे. तिच्याखालचे दात गेले हे पाठीला अजून कळतं. सकाळी दोनदा वाटलं, परत अदलाबदल करावी. केली नाही. पुढचा अंगठ्यानं दाबते, मागचा दाबते, निघते.

पाळणाघराच्या दारात काल आठला पाच कमी. आज आठला आठ कमी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

साडेसहाला दार उघडलं. वाट पांढरी. पाय ठेवला तर काच. दाते असोत नसोत, यावर कुणीच उभं राहणार नाही.

मी बघत बसले दहा मिनिटं. ऊन येईल, वितळेल. नाही वितळलं तर ढकलत नेऊ. स्ट्रुअन उद्या येतोच आहे, एक दिवस सुट्टी घेऊ. सगळं सुचत होतं, फोन सोडून. हातात धरून उभी होते. काय बोलायचं ते पाटीवर लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"सेंगा, मी मॉर्वेन. गोठलंय."

"बरं," म्हणली. "निघते."

एफीला लापशी दिली, बूट घालत होते, एक बूट झाला आणि गाडी दारात. गालाहून इथं यायला कोरड्या रस्त्यावर चाळीस मिनिटं लागतात. ही एका बुटात आली. गाडीच्या काचा आतून वाफेनं भरलेल्या, थर्मासचं झाकण पुढे ठेवलेलं, चहा पिऊन संपवलेला. म्हणजे चालवताना पीत होती, तेही अशा रस्त्यावर.

मला राग आला. मागे एफीला बांधलं, पट्टे दोनदा बघितले, पुढे बसले आणि सरळ सांगितलं, "परत इतक्या जोरात यायचं नाही. मी फोन केला तरी नाही. काही झालं असतं म्हणजे?"

मला वाटलं आता ऐकवेल.

"नाही येणार," म्हणली. फाट्यावर बस थांबायची तिथं पांढऱ्यात गाडीएवढी काळी जागा होती, कुणीतरी पहाटेपासून तिथं थांबल्यासारखी. आणि एवढी हळू चालवली की पाळणाघरात पोचायला आम्हाला उशीर झाला.